मोजणीदार आणि गव्हाचा उतारा

वाइखसेलरीडच्या शिवारात व्हिटुस कागरबाउअरने रोवलेला सीमेचा दगड हलल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. चाळीस वर्षे त्याने भूमापन कचेरीत दुर्बीण, साखळी आणि वही यांच्या संगतीत काढली, आणि त्यांतली एकतीस वर्षे तो गावाच्या सात शपथकऱ्यांपैकी एक होता. नोकरी संपली, पण ती शपथ मरेपर्यंतची. शेताच्या कोपऱ्यात दगड पुरण्यापूर्वी त्याच्या पोटाखाली एक खूण मांडून ठेवायची, अशी या मुलखाची जुनी रीत आहे. ती खूण मातीची की काचेची, तिचे तुकडे किती, त्यांची मांडणी कशी, हे त्या सात जणांखेरीज कोणाला ठाऊक नसते. बायकोला सांगायचे नसते, मुलांना सांगायचे नसते, अखेरच्या घटकेला पाद्रीबुवांनाही सांगायचे नसते. खूण मांडली जात असताना शेताचे मालकसुद्धा पाठ फिरवून उभे राहतात. झोपेत तोंडून काही निसटेल या भयाने व्हिटुस तरुणपणी काही महिने माळ्यावर एकटा झोपला होता. त्याची बायको आफ्रा ती गोष्ट अजूनही हसून सांगते. पण त्या हसण्यात भाताच्या घासातल्यासारखा एक बारीक खडा लागतो.

असा हा काटेकोर मनुष्य घरी गव्हाची बिअर गाळत असे. तिथेही त्याची वही होती, तापमापक होता, आणि प्रत्येक अंशाची नोंद होती.

नोटबुर्गाच्या खाणावळीत, चिनी मातीच्या फरश्या जडवलेल्या शेगडीजवळच्या टेबलाशी गावातले नऊ घरगुती बिअरवाले दर शनिवारी दुपारी बसत. ऑक्टोबरातल्या तिसऱ्या रविवारी चर्चच्या स्थापनेचा उत्सव असतो. त्याला गाव किर्टा म्हणते. त्या दिवशी भाजलेल्या हंसाच्या पंगतीत पहिले पिंप कोणाचे फुटायचे, हे ठरवण्याची या टेबलाची स्वतःची पद्धत होती. चव हा वादाचा विषय, म्हणून चवीवर निर्णय नव्हता. सगळ्यांनी एकाच गोणीतले माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, सारखे वाटून घ्यायचे: तीन किलो गहू, दोन किलो जव. सगळ्यांनी गावाच्या एकाच झऱ्याचे पाणी वापरायचे आणि चोवीस लिटर गोड काढा उतरवायचा. मग त्या काढ्यात काचेची तरती नळी सोडायची. काढा जितका गोड तितकी नळी वर तरंगते, आणि तिच्या अंगावरचे अंश सांगतात की दाण्याने आपले किती सत्त्व दिले. ज्याचा उतारा सर्वांत जास्त, त्याचे पिंप पहिले. धान्य हे देणे आहे, ते वाया घालवणाऱ्याला पहिला मान नाही, असा त्यामागचा भाव होता. आणि मला तो भाव आजही पूजनीय वाटतो.

गहू या कसोटीत मोठा अवघड. जवाच्या दाण्याला तूस असते. लापशी शिजल्यावर ते तूस तळाशी बसून आपोआप गाळणीचा थर बनवते आणि काढा त्यातून निर्मळ उतरतो. गव्हाला तूस नाही. तो उघड्या अंगाचा, बारीक आणि कठीण. त्याची लापशी चिकट होऊन बसली की काढा अडून राहतो आणि गोडवा चोथ्यातच कोंडला जातो. तरीही व्हिटुसचा उतारा सलग अकरा वर्षे साडेबारा अंशांच्या खाली गेला नव्हता. अकरा वर्षे पहिले पिंप त्याचे होते, आणि पिंपाच्या बुडावर खडूने त्याचे नाव लिहिले जात होते.

दळण मात्र आफ्रा करी. ती गिरणीवाल्याची मुलगी. दोन लोखंडी रुळांची एक हातगिरणी वडिलांनी तिला लग्नात दिली होती. दळणाची धूळ काढ्याजवळ नको, म्हणून ती गिरणी भिंतीपलीकडच्या पडवीत असे. व्हिटुस इकडे पाणी तापवत असताना भिंतीतून तिचा आवाज येई: तीन फेरे आणि एक थांबा, तीन फेरे आणि एक थांबा. हात दुखत असतील बिचारीचे, असे त्याला वाटे. त्यापलीकडे त्या आवाजाचा त्याने कधी विचार केला नाही.

निवृत्तीच्या वर्षी त्याने विजेवर चालणारी लखलखीत पोलादी गिरणी आणली. रुळांमधली फट किती असावी हे त्याने पुस्तकात पाहिले, तेवढी फट बारीक पट्टीने मोजून लावली, आणि स्क्रू कधीही हलू नये म्हणून त्यावर लाल लाखेचा ठिपका दिला. मग शेजारच्या क्विरीन हासलिंगरला हाक मारून तो म्हणाला,

"ती जुनी हातगिरणी घेऊन जा बाबा. पडवी अडवून बसलीय."

क्विरीन सुतार होता. चार वर्षांपूर्वी त्याची बायको वारली होती. अंगाने भरलेला आणि हसरा. त्याच्या भुवयांत कायम लाकडाचा भुसा अडकलेला असे. तो हातगाडी घेऊन आला, पण गिरणीला हात लावण्यापूर्वी थबकला.

"आफ्राला विचारलंस का?"

"गिरणीचं तिला काय विचारायचं?"

आफ्रा दारात हात पुसत उभी होती. क्विरीनने डोक्यावरची टोपी काढली.

"ने रे क्विरीन," ती म्हणाली. "तेल मात्र वरचेवर देत जा तिला. नाहीतर रुसून बसते."

ती टोपी काढल्याचे व्हिटुसला त्या दिवशी जाणवलेही नाही. पुढे दोन वर्षे मात्र ती टोपी त्याच्या डोळ्यांपुढून हलली नाही.

कारण त्याच शरदात त्याचा उतारा साडेदहावर आला, आणि टेबलावर आजवर सातव्या-आठव्या क्रमांकाला समाधानाने बसणाऱ्या क्विरीनचा उतारा बारा अंश तीन निघाला. पिंपावर क्विरीनचे नाव लिहिले गेले. व्हिटुसने टाळ्या वाजवल्या आणि घरी आल्यावर दोन्ही हात साबणाने धुतले.

पुढच्या वर्षी त्याने काहीही बाकी ठेवले नाही. दुसरा तापमापक आणून पहिल्याची परीक्षा घेतली. पाण्याची आम्लता मोजली. लापशी पंचेचाळीस अंशांवर, मग त्रेसष्टावर, मग बहात्तरावर नेमून दिलेली मिनिटे राखली. तिचा घट्ट तिसरा हिस्सा काढून वेगळा उकळला आणि पुन्हा तिच्यात ओतला. आयोडीनचा थेंब टाकून पिष्ट उरले नाही याची खात्री केली. चूक कुठेच सापडेना. गाळताना मात्र लापशी सिमेंटसारखी बसली, काढा थेंबथेंब आला, आणि नळी साडेदहाच्या वर यायला तयार होईना. तपासायची राहिली होती ती फक्त गिरणी. आणि तिच्यावर तर लाख होती! जिथे आपण स्वतः लाख लावली तिथे मनुष्य पुन्हा पाहत नाही. त्या गिरणीच्या तोंडात तो गहू आणि जव एकत्रच ओतत असे.

चोथा कोंबड्यांना जाई. आफ्रा तो पसरून यायची आणि म्हणायची,

"कोंबड्या फार खूश आहेत रे तुझ्या बिअरवर. क्विरीनच्या कोंबड्यासुद्धा कुंपणाखालून इकडे येतात जेवायला."

"तिकडं मिळत नाही वाटतं त्यांना?"

"तिकडं मिळतो चोथा. इथं मिळतं जेवण."

व्हिटुसला हा टोमणा वाटला, आणि तो होताच. पण त्यात टोमण्यापेक्षा मोठे काही आहे हे त्याने ऐकले नाही.

या सुमारास त्याच्या ध्यानात आले की दर मंगळवारी दुपारी आफ्रा निळा रुमाल डोक्याला बांधते, "जाऊन येते" म्हणते आणि मागच्या दाराने बाहेर पडते. कुठे, हे तिने सांगितले नाही; आणि विचारणे हा व्हिटुसचा स्वभाव नव्हता. मोजणे हा त्याचा स्वभाव होता. तो जिन्यावरच्या खिडकीशी उभा राहिला. आपल्या मागच्या दारापासून क्विरीनच्या फाटकापर्यंत बेचाळीस पावले. आत मुक्काम एक तास दहा मिनिटे. परतताना चाल जरा हलकी. बाहीवर पांढरट धूळ.

ती स्वयंपाकघरात रुमाल सोडत असताना तो उगाच जवळून गेला. धुळीला माल्टचा गोड, भाजका वास होता.

मत्सर मनुष्याला प्रथम चोर शोधायला लावतो. आफ्रा आपली वही क्विरीनला वाचून दाखवते, असे व्हिटुसने ठरवून टाकले. वही खणात असे. त्याने तिच्याखाली सुताचा एक धागा आणि दोन मिरे अशा रीतीने मांडून ठेवले की वही तसूभर सरकली तरी कळावे. आयुष्यभराची विद्या त्याने आपल्याच घरात पेरली. मंगळवार आला आणि गेला. धागा जागच्या जागी, मिरे जागच्या जागी. वहीला कोणी बोटही लावले नव्हते.

यावर एखाद्याला हायसे वाटले असते. व्हिटुसला मात्र त्या क्षणी पायाखालची जमीन सरकल्यासारखे झाले. वही नाही, तर मग दुसरे काय? सदुसष्ट वर्षांच्या वयात, आरशासमोर उभा राहून तो आपल्या भुवया न्याहाळू लागला; त्यांत भुसा नव्हता. क्विरीन कुंपणापलीकडे शीळ घालू लागला की व्हिटुस खिडकी लावून घेई, आणि लावल्यावर तीच शीळ आफ्राच्या ओठांवर ऐकू येई.

"कुठली चाल ही?" तो एकदा म्हणाला.

"कुठली म्हणजे? तुझ्याच लग्नात वाजली होती," आफ्रा म्हणाली. "विसरलास?"

सप्टेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी किर्टाच्या काढ्यांचे आकडे टेबलावर यायचे होते. कोर्बिनिअन वयाने सर्वांत वडील. एके काळी एका मोठ्या बिअरवाल्याच्या तळघरात त्याने उभी हयात काढली होती. डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, तरी टेबलाची पाटी त्याच्याकडेच असे. एकेक जण आकडा सांगत गेला. व्हिटुसने आपला साडेदहा सांगितला. शेवटी क्विरीन उठला.

"तेरा."

टेबलावर हात आपटले गेले, कोणी शीळ घातली. नोटबुर्गा पेले घेऊन येता येता म्हणाली, "क्विरीन, गव्हाला काय गोष्टी सांगतोस रे रात्रभर?"

"मी नाही सांगत," क्विरीन हसत म्हणाला. "मी नुसता ऐकतो."

त्या हसण्यावर व्हिटुसच्या आत कितीतरी दिवस करपत असलेले काही एकदम पेटले. खरे म्हणजे त्याला म्हणायचे होते: माझी बायको तुझ्याकडे कशाला येते? पण ते म्हणणे म्हणजे साऱ्या गावाला आपल्या मागच्या दाराशी आणून उभे करणे. म्हणून त्याने दुसरा शब्द उचलला. या मुलखात बिअरवाल्याला दारुडा म्हणा, लबाड म्हणा, तो हसून सोडून देईल. एक शब्द मात्र कोणी उच्चारत नाही. दाणा, हॉप्सची कडवट फुले, यीस्ट आणि पाणी, एवढ्यांवर ज्यांची श्रद्धा पिढ्यान्पिढ्या उभी आहे, त्यांच्या देवघरात थुंकल्यासारखा तो शब्द.

"साखर," व्हिटुस म्हणाला.

शेगडीतले लाकूड तडकल्याचे सर्वांना ऐकू आले.

"परत बोल," क्विरीन हळू आवाजात म्हणाला. त्याचे हसू कुठल्या कुठे गेले होते.

"साखर घातलीस तू. जवळजवळ निम्म्या गव्हातून तेरा येत नाहीत."

"निम्मा नाही, तीन पंचमांश," कोणीतरी पुटपुटले. "मोजणीदार असून चुकला."

कोर्बिनिअनने पाटी पालथी ठेवली. "शब्द टेबलावर पडला," तो म्हणाला. "आता टेबलाची रीत. साखर म्हणणाऱ्यानं वल्हं धरायचं. क्विरीनचा हा काढा बाजूला. मंगळवारी तो नव्यानं चूल पेटवेल, त्याच गोणीतलं माल्ट, त्याच मापात. दळणापासून उकळीपर्यंत लापशी तू ढवळायचीस, व्हिटुस, आणि वल्हं खाली ठेवायचं नाही. आकडा साडेबाराच्या खाली आला, तर क्विरीन या टेबलावर पुन्हा बसणार नाही. वर आला, तर बाकावर उभं राहून तो आकडा तू स्वतः वाचायचास, आणि यंदा किर्टाला तुझं पिंप नाही. कबूल?"

"कबूल."

"मंगळवारी?" क्विरीन अडखळला. "बुधवार नाही का चालणार?"

हे ऐकून व्हिटुसला जो आनंद झाला तो वर्णन करण्याजोगा सभ्य नव्हता. "मंगळवारीच," तो म्हणाला.

घरी त्याने आफ्राला काहीच सांगितले नाही. तिनेही काही विचारले नाही. रविवार-सोमवार ती जेवण वाढत होती आणि तो जेवत होता.

मंगळवारी सकाळी सात वाजता कोर्बिनिअन काठी टेकत क्विरीनच्या अंगणात येऊन बाकावर बसला. पातेल्यातले पाणी तापत होते. क्विरीनने माणसाच्या छातीइतके उंच लाकडी वल्हे व्हिटुसच्या हाती दिले. ते बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचे होते आणि हाताला रेशमासारखे लागत होते. इतके चांगले वल्हे आपल्याकडे नाही, हेही व्हिटुसला तिथल्या तिथे टोचले.

"दळण?" कोर्बिनिअनने विचारले.

"सुरू आहे," क्विरीन म्हणाला आणि जमिनीकडे पाहू लागला.

कोठाराचे दार लोटलेले होते. आतून आवाज येत होता. तीन फेरे आणि एक थांबा. तीन फेरे आणि एक थांबा.

व्हिटुसने तो आवाज तीस वर्षे भिंतीतून ऐकला होता. डोळे बांधून शंभर गिरण्यांमध्ये उभे केले असते तरी त्याने तो ओळखला असता. तो वल्हे हातात धरून तसाच उभा राहिला. मनात आधी संताप आला, मग लाज आली, आणि मग त्या दोघांना बाजूला सारून जुनीच पाहुणी, असूया, येऊन बसली: माझ्या घरातला आवाज याच्या घरात!

दार उघडले. निळा रुमाल बांधलेली आफ्रा दोन घमेली घेऊन बाहेर आली.

"तू इथं काय करतेयस?"

"दळतेय."

"ते दिसतंय मला."

"मग विचारलंस कशाला?"

"आफ्रा, मी बुधवार म्हणत होतो..." क्विरीन कसनुसा होऊन म्हणाला.

"बुधवारी मला कपडे धुवायचे असतात," आफ्रा म्हणाली आणि घमेली पातेल्याशी ठेवली.

व्हिटुसने आत पाहिले. एका घमेल्यात जव होते: दाणा फुटलेला, पण तूस अख्खे, चिमुकल्या होड्यांसारखे. दुसऱ्यात गहू होता. त्यात एकही अख्खा दाणा नव्हता, सगळा बारीक रवा. आपल्या चोथ्यात कोंबड्या काय वेचून खातात, हे त्याला तेव्हा कळले. रुळांच्या त्या रुंद फटीतून गव्हाचे बारीक दाणे सहीसलामत निसटत होते, लापशीत भिजत होते, आणि आपला सगळा गोडवा पोटात घेऊन कोंबड्यांच्या चोचीत जात होते. दोन वर्षे!

"जवाला आधी पाण्याचा हात लावलास?" कोर्बिनिअनने बसल्या जागेवरून विचारले. त्याने एक तूस बोटांत चोळून पाहिले होते.

"लावून दहा मिनिटं गप ठेवले," आफ्रा म्हणाली. "तूस लवचीक होतं, तुटत नाही. ते नीट राहिलं की तेच पुढं गव्हालाही गाळून देतं. गहू वेगळा, कोरडा, रूळ जवळ आणून दोनदा काढायचा. त्याला तूसच नाही, तर बारीक करायला भ्यायचं कशाला? दर तीन फेऱ्यांना चिमूट हातात घेऊन बघायची, झालं."

"अस्सं!" कोर्बिनिअन उद्गारला. चाळीस वर्षे तळघरात काढलेल्या त्या म्हाताऱ्याने नकळत टोपी किंचित वर केली.

म्हणजे ते थांबे दुखणाऱ्या हातांचे नव्हते.

"हे मला कधी सांगितलं नाहीस," व्हिटुस म्हणाला.

"तुझी नवी गिरणी आली तेव्हा म्हटलं होतं, गहू वेगळा नाही का दळायचा? तू म्हणालास, आकडा पुस्तकातला आहे."

"तीस वर्षांत कधी सांगितलं नाहीस!"

"दगडाखाली काय मांडतोस ते तू मला सांगितलंस?"

"ती शपथ आहे, आफ्रा!"

"वल्हं, मोजणीदार, वल्हं!" क्विरीन ओरडला. "तळाला लागेल!"

व्हिटुस ढवळू लागला. भांडावे तर हात मोकळे नव्हते, निघून जावे तर वल्हे खाली ठेवता येत नव्हते. लापशीची वाफ त्याच्या चेहऱ्यावर येत होती.

"मला शपथ नव्हती," आफ्रा म्हणाली. तिचा आवाज मुळीच चढलेला नव्हता. "मला नुसतं कोणी विचारलं नव्हतं. माझ्या बापाची गिरणी तू हातगाडीत घालून दिलीस. त्याच संध्याकाळी हा टोपी हातात घेऊन आला आणि म्हणाला, आफ्रा, ही कशी चालवायची ते दाखवतेस का? म्हणून दाखवलं. याला जमलं नाही, म्हणून येऊन दळून देते. दर मंगळवारी थोडं थोडं, कधी याचं, कधी पावाचं पीठ. माझ्या गिरणीशी तासभर बसायला मिळतं मला."

"आणि... आणि एवढंच?"

हा प्रश्न तोंडातून गेल्यावर व्हिटुसचे कान लाल झाले. आफ्राच्या डोळ्यांत कितीतरी वर्षांपूर्वीचे, लग्नातल्या त्या चालीच्या वेळचे काहीतरी चमकून गेले.

"अगं बाई," ती म्हणाली. "त्याच्यावर जळत होतास? त्या क्विरीनवर?"

"मी इथंच उभा आहे हं," क्विरीन म्हणाला.

"तू गप. तुला साधी गिरणी वळवता येत नाही."

कोर्बिनिअन काठीवर हनुवटी टेकून खोकण्याच्या मिषाने हसत राहिला.

दुपारपर्यंत व्हिटुसने वल्हे सोडले नाही. लापशी गाळणीत बसली. पहिला गढूळ काढा क्विरीनने पुन्हा वर ओतला. मग आफ्राने पळीच्या पाठीवरून ऊन पाणी सोडायला सुरुवात केली, थराला धक्का न लावता, झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावे इतक्या हळू. काढा सोनेरी होऊन अखंड धारेने उतरत राहिला, एकदाही अडला नाही. व्हिटुसने आपल्या साऱ्या आयुष्यात इतका सुंदर उतार पाहिला नव्हता, आणि तो दुसऱ्याच्या अंगणात पाहावा लागत होता.

नमुना थंड करून उंच नळकांड्यात ओतला. काचेची नळी त्यात दोनदा डुलली आणि स्थिर झाली. कोर्बिनिअनच्या डोळ्यांत मोतीबिंदू, क्विरीनचा चष्मा घरात, आणि आफ्रा मुद्दाम कोंबड्यांकडे पाहत दूर उभी राहिली होती. शेताच्या मालकांप्रमाणे सगळ्यांनी जणू पाठ फिरवली होती, आणि खूण पाहणारा एकटा व्हिटुस होता. तो सव्वाबारा म्हणाला असता तरी कोणी वाकून पाहिले नसते. क्विरीनची टेबलावरची जागा, ती शीळ, ती टोपी, सगळे एका शब्दात कुंपणापलीकडे गेले असते. त्याने वाकून काढ्याच्या पृष्ठभागाशी डोळा आणला. एकतीस वर्षे शपथ वाहिलेला तो डोळा होता. एखादा आकडा त्याला कितीही कडू लागो, तो त्याला दुसरा करून सांगता येत नसे.

वल्हे हातात घेऊनच तो बाकावर चढला.

"बारा अंश नऊ," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "बारा अंश नऊ. साखर नाही. मी खोटा शब्द बोललो. क्विरीन हासलिंगरचा काढा निर्मळ आहे."

"बाकी काही?" कोर्बिनिअनने विचारले.

"दळण आफ्राचं आहे."

"हो, त्याचं काय करायचं?" म्हातारा कपाळ चोळू लागला. "टेबलाच्या नियमांत चूल आहे, काढा आहे, यीस्ट आहे. दळणाचा उल्लेखच नाही. आपल्याला ते काम वाटलंच नव्हतं कधी."

क्विरीनने खिशातून सुताराचा खडू काढला, कोपऱ्यातले रिकामे पिंप उलटे केले आणि बुडावर मोठ्या अक्षरांत लिहिले: आफ्रा.

व्हिटुस बाकावर उभा होता. ते नाव वाचून त्याचे डोळे भरून आले. पण त्याच क्षणी त्याला पुन्हा एकदा कडकडून डसले. हे आपल्याला का सुचले नाही? अकरा वर्षे पिंप आपल्या अंगणात होते, खडू आपल्या हातात होता. आणि लिहिले याने!

किर्टाच्या पंगतीत ते पिंप पहिले फुटले. हातोड्याचा पहिला घाव आफ्राने घातला. शिंतोडे सगळे पाद्रीबुवांच्या अंगावर गेले. व्हिटुसचे पिंप त्या वर्षी नव्हते. तो आफ्राशेजारी बसून तिचा पेला भरत राहिला आणि ज्यांनी ज्यांनी तिचे कौतुक केले त्यांच्याकडे संशयाने पाहत राहिला.

पुढच्या सोमवारी क्विरीन हातगाडीत गिरणी घालून फाटकाशी आला. "ने बाबा तुझी," तो म्हणाला. "मला झोप लागत नाही."

"परत ने," आफ्रा आतून म्हणाली. "तिथंच राहू दे तिला. कोठारात ऊन चांगलं येतं. आणि ज्याला दळण हवंय तो तिकडं येईल चालत."

पोलादी गिरणीवरचा लाखेचा ठिपका व्हिटुसने त्या संध्याकाळी नखाने खरवडून काढला.

मंगळवारी दुपारी आफ्रा रुमाल बांधून "जाऊन येते" म्हणाली आणि गेली. पाव तासाने व्हिटुस मागच्या दारातून बाहेर पडला. दोन्ही खांद्यांवर एकेक पोते होते. सवयीने तो पावले मोजत होता. बेचाळीस भरली तेव्हा तो क्विरीनच्या फाटकाशी होता; अंगण ओलांडून तो कोठाराच्या दाराशी आला. आत तीन फेरे झाले आणि थांबा आला. तो थांबा संपण्यापूर्वी त्याने पोती खाली ठेवली, डोक्यावरची टोपी काढली आणि दार वाजवले.

"कोण?"

"मी. गहू आणलाय."

"आणि जव?"

"जवही आणलेत. वेगळे बांधून आणलेत." मग तो म्हणाला, "आफ्रा, हे कसं करायचं ते दाखवतेस का?"

आतून घमेले खाली ठेवल्याची खणखण ऐकू आली.

"क्विरीन आहे का आत?" त्याने विचारले.

"नाही," आफ्रा म्हणाली, आणि तिने कडी काढल्याचा आवाज आला. "पण तुला वाटलं तर शोधून बघ."